चार उन्हाळ्यांचा एक जिल्हा : बेळगावच्या जिल्हा प्रशासनाला आणि ग्रामपंचायतींना खुलं पत्र

मा. जिल्हाधिकारी साहेब, जिल्हा पंचायतीचे सीईओ साहेब, जिल्हा आणि तालुका आरोग्य अधिकारी, आणि खानापूरपासून अथणीपर्यंतच्या सगळ्या ग्रामपंचायतींचे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) आणि मेंबर मंडळी,

नमस्कार.

मी टेम्पो चालवतो, सतरा वर्षं झाली. खानापूर भागातनं काजू, फणस, भाजी भरायची, बेळगावच्या मार्केटात उतरवायची, तिथनं पुढं कधी गोकाक-अथणी, कधी निपाणी, कधी चोर्ला घाट उतरून गोवा, असं आठवडाभर चालू असतंय. पत्र लिहायची सवय नाही पण उन्हाळ्यातलं ऊन, आग्या माशा आणि विंचू ह्यांचं हे दोन वर्षं मनात राहिलंय आणि आता परत मार्च संपत आलाय, म्हणून लिहायला बसलो.

दोन वर्षांखाली एप्रिलात माझे थोरले मामा वारले. गाव खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या काठावरचं, नाव देत नाही कारण गावाची काही चूक नाही. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. वेळ सकाळी नऊची सांगितलेली पण मुंबईची आणि गोव्याची माणसं यायची होती, म्हणून थांबत थांबत साडेदहा झाले. रक्षा भरून झाली, नैवेद्य ठेवला, आणि कावळा शिवेना. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. डोक्यावर ऊन, खाली वाळू तापलेली, चपला सगळ्यांनी लांब काढून ठेवलेल्या, मग बायामाणसं आणि वयस्कर मंडळी हळूहळू सरकत वडाच्या सावलीला गेली. उन्हात माणूस सावलीलाच जाणार की. तुमच्या उन्हाळ्याच्या सूचनांमध्ये पण तेच लिहिलेलं असतंय, सावलीत थांबा म्हणून. त्या वडाला पार वर, शेंड्याकडच्या फांदीला आग्यामोहोळ लागलेलं होतं, सुपापेक्षा मोठं, काळंभोर. गावातल्या पोरांना ते माहीत होतं, आम्हा पाहुण्यांना नव्हतं. आणि खाली धूप आणि शेणीचा धूर चालू होता, वारं पडलेलं, त्यामुळं धूर सरळ वर चाललेला.

आधी आवाज आला. डीपी घुमायला लागावी तसा. मग कोण तरी ओरडलं, "माशा उठल्या गा, पळा पळा!"

पुढची दहा मिनिटं कशी गेली ते नीट सांगता येत नाही. काही पोरं नदीत शिरली, पण एप्रिलातली मलप्रभा आमच्याकडं गुडघाभर पण नसते, आणि असती तरी उपयोग नव्हता, कारण आग्या माशा पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि डोकं वर आलं की तोंडावर तुटून पडतात. धाकटे मामा बासष्ट वर्षांचे. कुणीतरी त्यांच्या अंगावर घोंगडं टाकलं, चांगल्या मनानंच टाकलं, आणि ते काळं घोंगडं पांघरून मामा अनवाणी, डांबरी रस्त्यानं, अर्धा किलोमीटर पळाले. सव्वाअकरा-साडेअकराचं ऊन होतं, डांबराला पाय चिकटत होता. मोरीजवळ पोचून ते बसले आणि तिथंच आडवे झाले.

माझा टेम्पो रस्त्याकडेला उभा होता. केबिनमध्ये पाच जणांना घेतलं, मागं ताडपत्रीखाली दहा-अकरा जण, काचा लावल्या, आत शिरलेल्या माशा टॉवेलनं मारल्या. केबिन म्हणजे भट्टी झालेली, काच खाली करावी तर माशा, लावून ठेवावी तर जीव गुदमरतोय, मामीच्या मांडीवर मामांचं डोकं आणि त्यांना घाम यायचा बंद झालेला. गाडी हलवली तेव्हा दीडेक किलोमीटरवर माशा सुटल्या.

जवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर मीटिंगला गेलेले, सिस्टर एकट्या. त्या बाईंनी जमेल ते सगळं केलं हे मी आधीच सांगतो. ॲव्हिल दिलं, डेका दिलं, म्हणजे ॲलर्जीची नेहमीची इंजेक्शनं, सलाईन लावलं. मामांचे ओठ सुजलेले, अंगभर गांधी उठलेल्या, श्वास घेताना शिट्टी वाजत होती, दोनदा उलटी झाली. ॲड्रेनलिनची, म्हणजे ॲलर्जीच्या झटक्यावरच्या मुख्य इंजेक्शनची, बाटली ट्रेमध्ये होती. बोटाच्या पेराएवढी काचेची बाटली, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. सिस्टर म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हे मला देता येत नाही दादा, हार्टवर जातंय, काय झालं तर माझ्यावर येणार. डॉक्टरांचा फोन लागेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी मी परत गाडी काढली आणि बेळगाव गाठलं, पन्नास मिनिटं लागली. तिथं दारातच मांडीत तेच इंजेक्शन दिलं, आणि थर्मामीटर लावला तर ताप १०४.

रात्री मामींनी मोबाईलच्या बॅटरीत मामांच्या मानेतला, कानामागचा, टाळूवरचा एकेक काटा काढला. त्र्याहत्तर निघाले. तळव्यांची कातडी फोड येऊन सुटलेली. दुसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी झाली आणि डॉक्टर म्हणाले की माशीच्या विषानं पण स्नायू झिजतात आणि उन्हाच्या झटक्यानं पण झिजतात, दोन्ही एकदम झालंय आणि ते सगळं किडनीवर आलंय, म्हणून थांबावं लागेल. सहा दिवसांनी मामा घरी आले. वाचले. पण अजून चालताना थांबतात आणि वर झाडाकडं बघतात.

तेव्हापासनं मी जाईल तिथं विचारत सुटलोय, डॉक्टरांना, फॉरेस्टच्या माणसांना, मध काढणाऱ्यांना. आणि मला जे समजलं ते असं की तुमच्याकडं ऊन वेगळ्या फायलीत आहे आणि माशा, विंचू वेगळ्या फायलीत, किंवा माशा कुठल्याच फायलीत नाहीत. पण गावात हे सगळं एकाच दुपारी, एकाच माणसावर येतंय.

आता बघा, उन्हाळ्यात माशी आणि माणूस दोघांना एकच गोष्ट पाहिजे असते. सावली आणि पाणी. मोहोळातली पिल्लं ३४-३५ डिग्रीलाच नीट वाढतात, म्हणून बाहेर जसं तापेल तशा माशा पाणी आणून मोहोळावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. म्हणून मार्चपासनं मेपर्यंत नळाच्या चावीवर, बोअरच्या डबक्यावर, गुरांच्या दोणीवर, रसवंतीच्या गाड्यावर माशाच माशा. मी गूळ भरून थांबलो की पाच मिनिटांत ताडपत्रीवर बसतात. त्या चावायला आलेल्या नसतात, पाण्याला आणि गोडाला आलेल्या असतात, हात झटकला की चावतात. आग्या माशी बिळात राहत नाही, उघड्यावर एकच मोठं पोळं लटकवते, उंच झाड, कडा, पूल, पाण्याची टाकी, शाळेची गच्ची, कुठंही. आणि ती दरवर्षी जागा बदलत फिरती असते, ज्या झाडाला गेल्या वर्षी होतं त्याच झाडाला परत येते पण पुष्कळदा. म्हणजे कुठं येणार हे गावाला आधी माहीत असतंय. धूर, दगड, फटाके, बाज किंवा कावळ्यानं मारलेली झडप, एवढं पुरतंय. एक माशी चावली की तिच्या काट्यातनं एक वास सुटतो, पिकलेल्या केळ्यासारखा, आणि त्या वासानं बाकीच्या तिथंच येतात. तिचा काटा आकड्यासारखा असतो म्हणून तो कातडीत राहतो आणि तुटून आलेली विषाची पिशवी मागनं पंप करत राहते. म्हणून काटा नखानं काढा, कार्डानं खरवडा, चिमटा शोधत बसू नका, लवकर काढणं महत्त्वाचं. आमच्याकडं लोखंड घासतात, चुना लावतात, निपाणीकडं तंबाखू चोळतात. त्या चोळण्यात जी मिनिटं जातात तीच काटा काढायची असतात.

आणि गांधीलमाशी वेगळी. तिचा काटा राहत नाही, ती परत परत मारते. वळचणीला, उसात, उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरच्या सीटखाली तिचं घर असतंय. माझ्याच गाडीच्या साईड मिररमागं एकदा आठवड्यात केवढं झालेलं.

मोठ्या धडधाकट माणसाला ॲलर्जी नसेल तर शेकड्यांनी माशा चावल्या तरच विषानं जीव जातो, लेकराला त्यापेक्षा पुष्कळ कमी पुरतात. पण ॲलर्जी असलेल्याला एक माशी बस होते. आणि ॲलर्जीच्या झटक्यावर पहिलं औषध ॲड्रेनलिन, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. ॲव्हिल आणि डेका नंतरची. ती दिली म्हणून ॲड्रेनलिनचं काम होत नाही. मधमाशीच्या विषावर सापासारखी लस पण नाही. म्हणजे जे काही आहे ते ती पेराएवढी बाटली आहे, आणि ती महाग नाही, दवाखान्यात असते पण. नसते ती सिस्टरच्या हातात परवानगी.

साहेब, माझी पहिली आणि मोठी मागणी हीच. प्रत्येक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, आणि उन्हाळ्याच्या जत्रेच्या ठिकाणी उभ्या असलेल्या १०८ मध्ये ॲड्रेनलिन पाहिजे, आणि डॉक्टर नसताना सिस्टरनं ते कुणाला, किती, कुठं द्यायचं हे लिहून, तुमच्या सहीनं, भिंतीवर लावलेलं पाहिजे. लेकराला किती ते पण त्यात. वर्षातनं एकदा फेब्रुवारीत ट्रेनिंग घ्या. त्या बाईंचे हात थरथरत होते हो. त्यांना येत नव्हतं असं नाही, त्यांच्या पाठीशी कागद नव्हता.

दुसरं म्हणजे ऊन.

आपला बेळगाव जिल्हा क्षेत्रफळानं कर्नाटकात सगळ्यात मोठा, १३ हजार चौरस किलोमीटरच्या वर. मी एका आठवड्यात चार उन्हाळे बघतो. पहाटे कणकुंबी-जांबोटीला गाडी लावली तर काचेवर दव असतंय, मेमध्ये पण, आणि त्याच दिवशी दुपारी गोव्यात साखळीला उतरलो की अंगाला कपडा चिकटतोय, घाम येतोय पण वाळत नाही. बेळगाव शहर साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर, इथं पारा ३७-३८ ला गेला तरी माणसं बेजार होतात कारण सवय नाही, आणि संध्याकाळी वळीव आला की सगळे विसरतात. आणि अथणी. अथणी, कागवाड, रायबागचा काही भाग, तिकडं रामदुर्ग. तिथं दुपारी वारं लागतंय ते तव्यावरनं आल्यासारखं. घाम दिसतच नाही, येतो आणि उडून जातो, म्हणून माणसाला कळत नाही की आपल्या अंगातलं पाणी चाललंय. उगार-कुडचीकडं कृष्णेचं पात्र आटलं की महाराष्ट्राकडं कोयनेचं पाणी सोडा म्हणून मागणी करायची वेळ येते. अथणीला मी माल उतरवताना तिथला हमाल मला सांगतो, "भाळ बिसल ऐतरी, नेरळाग कुंदर्री," म्हणजे लई ऊन आहे, सावलीत बसा, आणि स्वतः पोतं घेऊन परत उन्हात जातो.

हवामान खात्याचे नियम पण हेच सांगतात की ऊन सगळीकडं सारखं मोजायचं नाही. सपाटीला कमाल तापमान ४०, किनाऱ्याला ३७ आणि डोंगराळ भागाला ३० च्या पुढं गेलं आणि नेहमीपेक्षा साडेचार डिग्रीनं जास्त असलं की उष्णतेची लाट धरतात. मग आमच्या मोबाईलवर जो जिल्ह्याचा एकच रंग येतो, पिवळा किंवा नारंगी, तो कणकुंबीला पण तोच आणि अथणीला पण तोच, त्याचं गावानं काय करायचं? रंग वरनं एकच येऊ दे, पण खाली तालुक्यानं त्याचा अर्थ लावून द्यायला पाहिजे. खानापूरला काय, निपाणीला काय, अथणीला काय.

एक गोष्ट मला खरंच समजत नाही. २०२५ च्या एप्रिल-मेमध्ये सरकारनं कलबुर्गी विभागातल्या जिल्ह्यांत आणि आपल्या विभागातल्या विजयपूर, बागलकोट या दोन जिल्ह्यांत ऑफिसची वेळ सकाळी ८ ते दुपारी दीड केली. चांगलं केलं. पण अथणी तालुका विजयपूरला लागून आहे. बांधाच्या पलीकडं ऊन आहे म्हणून ऑफिस दीडला सुटणार आणि अलीकडं म्हातारा माणूस उताऱ्यासाठी दुपारी तीनला रांगेत उभा? जिल्ह्याची हद्द बघून ऊन ठरवू नका, तालुका बघून ठरवा. आणि ऑफिसच्या माणसांना फॅन तरी असतो, वेळ बदलायची खरी गरज रोजगार हमीवरच्या बायकांना, वीटभट्टीवाल्यांना, मार्केटातल्या हमालांना, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्यांना आहे. सकाळी सहाला सुरू, अकराला बंद, परत चारनंतर. मी तर म्हणेन दुपारी बारा ते तीन माल चढवणं-उतरवणं बंदच ठेवा अथणी बाजूला, माझं नुकसान होईल तरी चालेल, दोन तास झाडाखाली झोपेन.

अहमदाबादनं हे करून दाखवलंय. २०१० च्या मेमध्ये तिथं लाट आली तेव्हा त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ माणसं जास्त मेली. नंतर हिशोब केला तेव्हा हे कळलं, त्या वेळी कळलंच नव्हतं, कारण सर्टिफिकेटवर कोण ऊन लिहितंय. मग २०१३ साली त्यांनी शहराचा उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. कुठल्या तापमानाला कोण काय करणार, पाणी कुठं, दवाखान्यात बर्फ कुठं, हे आधी लिहून ठेवलं. आपल्याला शहरापुरता नको, गावापुरता पाहिजे, आणि त्यात माशा आणि विंचू पण पाहिजेत.

विंचवाचं सांगतो. अथणी बाजूला उन्हाळ्यात माणसं अंगणात, खळ्यात, पत्र्याच्या शेडबाहेर झोपतात कारण आत झोपवत नाही. पत्रा रात्री दहापर्यंत गरम असतो. विंचू पण दिवसाचा उन्हापासनं लपलेला असतो, दगडाखाली, विटांच्या थरात, उसाच्या पाचटात, आणि रात्री गारव्याला बाहेर येतो. काळी इंगळी मोठी दिसते, माणसं तिला भितात, पण जीव घेणारा तो लहान तांबडा विंचू. तो चावला की घाम सुटतो, हातपाय गार पडतात, उलट्या होतात, आणि काही तासांत छातीत पाणी भरून धाप लागते. उन्हाळ्यात घामानं भिजलेलं लेकरू बघून आई म्हणणार, उकडतंय म्हणून घाम आलाय. हातपाय गार आणि घाम, तर विंचू बघा, आणि अंग भट्टीसारखं गरम, बडबड, झोक जातोय, तर ऊन. एवढं एक वाक्य जरी आशाताईंनी घराघरात सांगितलं तरी किती फरक पडेल बघा. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी कोकणात राहून, लहान गावातनं काम करून, तांबड्या विंचवावर प्राझोसिन ही ब्लड प्रेशरची साधी गोळी लागू पडते हे जगाला दाखवलं, लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं, २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी महाडला जीव वाचवते आणि महाड आमच्यापासनं काही परदेशात नाही. प्रत्येक पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) ती आहे का, आणि ती द्यायची माहिती रात्रपाळीच्या माणसाला आहे का, एवढं तपासून घ्या.

आता भाषेचं. हे मी भांडायला लिहीत नाही, सीमाभागाचं भांडण मोठ्या लोकांनी मोठ्या कोर्टात चालवलेलं आहे. मी कन्नड बोलतो, अथणीत माझी जेवायची घरं कन्नड आहेत. पण माझी मामी मराठी शाळेत चौथी शिकलेली, तिला कन्नड वाचता येत नाही, आणि फोनवर उन्हाचा मेसेज येतो तो तिला कळत नाही, ती मला फोन करून विचारते हे काय आलंय बघ म्हणून, आणि मी तेव्हा घाटात गाडी चालवत असतो. ज्या तालुक्यात पंधरा टक्क्यांच्या वर लोक एक भाषा बोलतात तिथं महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्याव्यात हे भाषिक अल्पसंख्याकांच्या सवलतींत देशपातळीवरच ठरलेलं आहे. बाकीचं राहू दे बाजूला, निदान जीव वाचवायची सूचना तरी कन्नड आणि मराठी दोन्हीत, एकाच बोर्डावर, वर-खाली लिहा. नदीकाठाला, स्मशानाजवळ, जत्रेच्या माळावर, शाळेत.

बोर्डावर काय लिहायचं तेही सांगतो, कारण मला ते मामांच्या अंगावर बघायला मिळालंय. माशा उठल्या तर पाण्यात उडी नको, हात हलवू नका, तोंड आणि नाक झाका, बंद खोली नाहीतर बंद गाडी सापडेपर्यंत सरळ पळा. आत गेल्यावर लगेच जाड पांघरूण काढा, पाणी मारा, वारा घाला. घोंगड्यानं माशीपासनं वाचलेला माणूस घोंगड्यानंच जाऊ शकतो. उन्हानं पडलेल्याला काखेत, मानेला, जांघेत बर्फ किंवा ओलं फडकं, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी अजिबात नको. शुद्धीत असेल तर ताक, अंबील, नाहीतर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खूप माशा चावलेल्या माणसाला बरं वाटलं म्हणून घरी पाठवू नका, एक दिवस तरी ठेवा, लघवीचा रंग बघा.

मेंबर मंडळी, आता तुमच्याशी बोलतो, कारण हे काम डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात बसून होत नाही. आपल्याकडं एप्रिल-मे म्हणजे लक्ष्मी यात्रा, पालख्या, इंगळ्या (निखाऱ्यांवरनं चालायचा कार्यक्रम), लग्नं, वैशाखातल्या शिवजयंतीचे चित्ररथ. ढोल, डीजे, फटाके, हजारो माणसं आणि मांडव घालायला जागा कुठली, तर मोठ्या झाडाखालची. मार्चमध्ये एक दिवस काढा, गावातल्या गुराख्याला आणि मध काढणाऱ्याला बरोबर घ्या, आणि कुठल्या झाडाला, टाकीला, शाळेला मोहोळ आहे त्याची यादी पंचायतीच्या भिंतीवर लावा. त्या झाडाच्या बुंध्याला तांबडा पट्टा मारा. तिथं धूर नाही, फटाके नाहीत, मांडव नाही. आणि रक्षाविसर्जन असेल तर भाऊबंदांना सांगा की नऊ म्हणजे नऊ. ज्यांना यायला उशीर होतोय त्यांनी घरी जाऊन भेटावं, मेलेला माणूस रागावत नाही. मी हे माझ्या मामांच्या बाबतीत बोलतोय म्हणून बोलू शकतो.

पण मोहोळ जाळू नका. हे हात जोडून सांगतो. त्या दिवसानंतर गावातल्या पोरांनी रात्री टेंभे घेऊन तो वड जाळायला काढलेला, मी पण रागात हो म्हणालेलो. मामांनीच दवाखान्यातनं फोन करून थांबवलं. जाळलेल्या मोहोळाच्या उरलेल्या माशा दोन-तीन दिवस तिथंच भडकून फिरत असतात आणि सकाळी शाळेला जाणाऱ्या पोरांना चावतात. आणि ह्याच माशांवर आमचे आंबे-काजू आहेत, सूर्यफूल आहे, जंगलातली झाडं आहेत. आमच्याजवळच भुदरगड तालुक्यातलं पाटगाव मधाचं गाव झालंय, त्याआधी २०२२ ला महाबळेश्वरजवळचं मांघर झालं. पुण्यात मधमाशांची केंद्रीय संशोधन आणि प्रशिक्षण संस्था १९६२ पासनं आहे. तिथनं कोणाला तरी बोलवा, खानापूर तालुक्यातली दहा-बारा पोरं शिकवून तयार करा, त्यांना जाळीचे ड्रेस द्या, शाळेवर किंवा दवाखान्यावर मोहोळ बसलं तर फोन केल्यावर ती येतील. अंधारात, न जाळता.

बेळगाव-खानापूर-गोवा रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूची जुनी झाडं गेली. मी त्या सावलीतनं वर्षानुवर्षं गाडी नेलीय. सावली गेली ती माणसाची गेली, आणि मोहोळं टॉवरवर, टाक्यांवर, शाळांवर सरकली असं मला तरी वाटतं, कारण आधी मी ती तिथं बघत नव्हतो. नवीन झाडं लावायची म्हणताय तर वड-पिंपळ वस्तीपासनं जरा लांब लावा आणि बस थांब्याला कडुलिंब, करंज लावा. पत्र्याचे स्टॉप तर दुपारी हात लावता येत नाहीत एवढे तापतात.

शेवटचं, मोजणी. कर्नाटकानं फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्पदंश नोंदणीची सक्ती केली, देशात पहिल्यांदा. म्हणजे आता साप चावला की दवाखान्याला कळवावंच लागतंय. तसंच माशी, गांधीलमाशी, विंचू आणि उन्हाचा झटका, ह्या चारांची नोंद आपल्या जिल्ह्यात तरी सुरू करा, गावाच्या नावासकट. मामांच्या डिस्चार्ज कार्डावर नुसतं ॲलर्जी लिहिलेलं आहे. ना माशी, ना ऊन, ना गाव. ते कार्ड बघून पुढच्या वर्षी कुठल्या गावाला काय पाठवायचं हे कोणाला कळणार?

ह्या मेमध्ये मामींच्या माहेरी लक्ष्मी यात्रा आहे. गावाबाहेर माळावर मांडव, वडाच्या बाजूला, आणि त्या वडाला मोहोळ बसलंय, मी गेल्या आठवड्यात जाऊन बघून आलोय, खालून फोटो पण काढलाय. पंचायतीत सांगून आलो, ते म्हणाले बघूया. बोर्ड लिहून तयार करा, कन्नड-मराठी दोन्ही, खानापूर तालुक्यातल्या गावांत ते पोचवायचं काम मी करतो, डिझेलचे पैसे नकोत, रविवारी माझी गाडी मोकळी असते. यात्रेच्या आधी अजून रविवार आहेत.

आपला,
खानापूर-बेळगाव-अथणी लाईनवरचा एक टेम्पोवाला